वेबसाइट करायला टाकणाऱ्या संस्थाचालकांस

देगलूर, जि. नांदेड

प्रति,
देगलूर, बिलोली, मुखेड, नायगाव आणि तिकडे उदगीरपर्यंतच्या शिक्षणसंस्था, वाचनालये, पतसंस्था व देवस्थाने चालवणारे सर्व अध्यक्ष, सचिव, प्राचार्य आणि विश्वस्त यांस

सन्माननीय महोदय,



मी देगलुरात राहून वेबसाइट करून देण्याचा व्यवसाय करतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांशी माझा परिचय आहे. काहींकडून बिल यायचे आहे, आणि काहींनी माझे कोटेशन बघून 'नांदेडचा माणूस निम्म्यात करतोय' असे ऐकवलेही आहे. त्यामुळे या पत्रात कोणत्याच संस्थेचे नाव येणार नाही. हे आपल्यालाच उद्देशून आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी तसे समजायला माझी हरकत नाही.

तुमची मागणी साधारण एका साच्यातून निघते. 'उदगीरच्या त्या कॉलेजची आहे ना, तशी करा. वर साहेबांचा फोटो मोठा, खाली फिरते फोटो, बाजूला धावती पट्टी, आणि किती लोकांनी बघितली तो आकडा. पंधरा ऑगस्टला पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन ठेवलंय.' या मागणीत रंग असतो, फोटो असतो, तारीख असते, पाहुण्यांचे नावही असते. सोळा ऑगस्टला या वेबसाइटवर पहिली सूचना कोण टाकणार, हे मात्र त्यात कधीच नसते. माझी सगळी तक्रार या एका रिकाम्या जागेबद्दल आहे, कारण वेबसाइट कशावर बांधायची हे खरे तर त्या जागेतल्या नावावरून ठरायला हवे.

सीएमएस, म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम, हा तुमच्यापैकी अनेकांना कोटेशनमधला एक इंग्रजी शब्द म्हणून माहीत आहे. शाळेच्या व्हरांड्यात सुविचाराचा फळा असतो. भिंत गवंड्याने बांधली, फळा सुताराने ठोकला, पण रोजचा सुविचार लिहायला कोणी गवंड्याला बोलावत नाही. ज्या वर्गाची पाळी त्यातले पोरगे खडू घेते. वेबसाइटवर असा फळा लावून देणारी यंत्रणा म्हणजे सीएमएस. ती नसली तर 'उद्या सुट्टी आहे' एवढी ओळ टाकायलाही तुम्हाला मला फोन करावा लागतो, आणि मी लग्नाला गेलेलो असलो तर उद्याची सुट्टी उलटून गेल्यावर ती ओळ येते.

आता खडू धरणारा हात बघू. आपल्याकडे तो बहुधा कार्यालयातल्या लिपिकाचा असतो. महाडीबीटी, शालार्थ, यू-डायस यांचे पासवर्ड त्याला तोंडपाठ आहेत, मार्चअखेरीला त्याला जेवायला फुरसत नसते, आणि वेबसाइट हे त्याच्या डोक्यावर ठेवलेले आणखी एक ओझे असते. कॉलेज असेल तर काम तासिका तत्त्वावरच्या एखाद्या तरुण प्राध्यापकाकडे जाते. तो उत्साही असतो, शिकतोही पटकन, पण वर्ष संपले की तो नांदेडला किंवा पुण्याला जातो आणि पासवर्ड त्याच्यासोबत जातो. सार्वजनिक वाचनालयात अर्धवेळ ग्रंथपाल हे करतो, आणि त्याच्या मानधनाविषयी इथे न बोललेले बरे. यांच्यापैकी कोणालाही मागणी ठरवायच्या बैठकीला बोलावलेले मी पाहिलेले नाही. बैठकीला अध्यक्ष असतात, आणि अध्यक्षांना स्लायडर, म्हणजे ते फिरते फोटो, आवडतो.

तर पहिली विनंती: पुढच्या बैठकीला त्या माणसाला बोलवा, त्याला खुर्ची द्या, आणि निरनिराळ्या यंत्रणांचे पॅनेल त्याच्यापुढे उघडून एक सूचना, एक फोटो आणि एक पीडीएफ त्याच्याकडून टाकवून घ्या. ज्यात त्याला पुन्हा विचारायची गरज पडणार नाही ती यंत्रणा घ्या. माझे मत, गुगलचे मत, तुमच्या अमेरिकेतल्या पुतण्याचे मत, ही सगळी त्यानंतर.

पुतण्याचा विषय निघाला म्हणून बाजारात काय काय मिळते ते थोडक्यात सांगतो. वर्डप्रेस सर्वांना माहीत आहे. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी २००३ च्या मे महिन्यात त्याची पहिली आवृत्ती काढली. ते फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे, आणि आज जगातल्या दर दहा वेबसाइटमागे चारांहून अधिक त्यावर चालतात. जगाशी आपल्याला घेणेदेणे नाही. पण इतके लोक ते वापरतात म्हणूनच मी उद्या हैदराबादला निघून गेलो तरी नांदेडात, लातुरात, उदगिरात ते जाणणारा दुसरा माणूस तुम्हाला मिळतो. त्याचा डॅशबोर्ड मराठीत करता येतो, आणि लिपिकाला फक्त सूचना टाकण्यापुरता प्रवेश देऊन बाकीची बटणे त्याच्यापासून लांब ठेवता येतात. देगलूरसारख्या गावात बहुतेक संस्थांना मी तेच सुचवतो, आणि यात काही फार हुशारी नाही.

जूमला २००५ साली मॅम्बो नावाच्या जुन्या यंत्रणेतून फुटून निघाले. ते आजही चालू आहे, पण त्याच्या तिसऱ्या आवृत्तीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट मिळणे, ऑगस्ट २०२३ मध्ये संपला, आणि त्या आवृत्तीवर बसलेल्या संस्थेत हे कोणाला माहीत असेल अशी मला खात्री नाही. ड्रुपल हे बेल्जियमच्या ड्रिस बाऊटार्ट यांचे, २००१ चे. 'मायगव्ह'सारखे मोठे सरकारी पोर्टल ड्रुपलवर आहे आणि ते योग्यच आहे, कारण त्यांच्याकडे ते सांभाळणारी माणसे पगारावर आहेत. ड्रुपलची सातवी आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये आली आणि ५ जानेवारी २०२५ ला तिचा आधार संपला. तिच्यावरून पुढच्या आवृत्तीवर जाणे हे बटण दाबण्याचे काम नव्हते, जवळजवळ नव्याने बांधण्याचे होते. म्हणून ड्रुपल वाईट ठरत नाही. ज्यांच्याकडे कायमचा तंत्रज्ञ नाही त्यांनी मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये.

या सगळ्यांची कोटेशनमध्ये नावे तरी असतात. माझा खरा राग आहे तो 'आमचं स्वतःचं पॅनेल' या चौथ्या प्रकारावर. एखादी कंपनी येते, एकाच सर्व्हरवर शंभर कॉलेजांच्या साइट चालवते, प्रत्येकाला तेच पॅनेल देते आणि सांगते की हे खास तुमच्यासाठी बनवले आहे. दिसायला ते छान असते, लिपिकाला सोपेही जाते, हे मी कबूल करतो. पण तुमच्या दहा वर्षांच्या सूचना, निकाल, फोटो, अहवाल हे सगळे ज्या डेटाबेसमध्ये आहे तो तुमचा नसतो. दर वर्षी एएमसीचे, म्हणजे देखभालीचे, बिल वाढते. तुम्ही कुरकुर केली तर साइट 'मेंटेनन्स'मध्ये जाते. सोडून जायचे म्हटले तर हातात पीडीएफांचा एक ढीग मिळतो, तोही मागून मागून. माझ्याकडे असा ढीग पेनड्राइव्हवर घेऊन आलेले प्राचार्य आहेत. फाइलींची नावे एक, दोन, तीन, चार अशी होती. कोणता कागद कोणत्या वर्षाचा हे प्रत्येक फाइल उघडूनच कळत होते.

म्हणून कोणत्याही कोटेशनवर सही करण्याआधी समोरच्याला एवढेच विचारा: 'आम्ही तुम्हाला सोडायचं ठरवलं तर आमच्या हातात काय काय द्याल, आणि ते दुसऱ्या माणसाला जसंच्या तसं लावता येईल का?' उत्तर देताना तो खुर्चीत हलला की समजून जा.

खुल्या यंत्रणेतही सगळे आलबेल असते असे नाही, हेही सांगितले पाहिजे. सप्टेंबर २०२४ मध्ये याच वर्डप्रेसच्या मुलेनवेग यांचे डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीशी भांडण झाले, आणि त्या कंपनीची वर्डप्रेसच्या मुख्य भांडारातून अपडेट घेण्याची वाट बंद करण्यात आली. डिसेंबरात अमेरिकेच्या न्यायालयाने ती उघडायला लावली. त्या भांडणात ग्राहकांचा जीव टांगणीला लागला हे खरे. पण त्यांचा मजकूर, डेटाबेस आणि कोड त्यांच्याच ताब्यात होते. वाटले तर ते सगळे उचलून दुसरीकडे जाता येत होते. 'स्वतःच्या पॅनेल'मध्ये ही सोय कोणत्याही न्यायालयात जाऊन मिळत नाही.

काही ठिकाणी सीएमएसची गरजच नसते. आपल्या तालुक्यातले होट्टल घ्या. सिद्धेश्वराच्या चालुक्यकालीन मंदिराची माहिती, कसे जायचे, शिलालेखांत काय आहे, चार चांगले फोटो, एवढे पान करायचे असेल तर त्याला वर्डप्रेस कशाला? ती माहिती पुढच्या मंगळवारी बदलणार नाही. साधी एचटीएमएलची पाने करून ठेवली तर त्यांना डेटाबेस लागत नाही, सीएमएसचा पासवर्ड लागत नाही, त्यामुळे चोराला शिरायला एक दार कमी असते, आणि डोंगरकडेच्या मोबाइल नेटवर्कवरही ती उघडतात. असे काम स्वस्तात होते. म्हणूनच कदाचित कोणी सुचवत नसेल.

आता मराठीबद्दल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण कोटेशनमध्ये याला एक ओळही मिळत नाही.

तुमच्या कार्यालयातला मजकूर बहुतेक वेळा श्रीलिपीत असतो, कारण वर्तमानपत्राची जाहिरात, निमंत्रणपत्रिका आणि अहवाल करणारा डीटीपीवाला कोरलड्रॉमध्ये श्रीलिपीच वापरतो. तो मजकूर उचलून वेबसाइटवर चिकटवला की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा काला दिसतो. मग लिपिक काय करतो? त्याची जेपीजी करून टाकतो. प्रवेशाची सूचना जेपीजी, शुल्काचा तक्ता जेपीजी, गुणवत्ता यादी स्कॅन करून पीडीएफ. गुगलला त्यातले नीट वाचता येईल याचा भरवसा नसतो, दृष्टिहीन विद्यार्थ्याचा मोबाइल ते धड वाचून दाखवत नाही, आणि आईबापांना मोबाइलवर तक्ता मोठा करून करून बघावा लागतो. यात सीएमएसचा दोष नाही. पण सीएमएस घेताना युनिकोडमध्ये टाइप करायचे प्रशिक्षण त्याच व्यवहारात लिहून घ्या. एक दुपार पुरते.

पुढची गोष्ट बारीक आहे, पण रोज त्रास देते. वर्डप्रेस मथळ्यावरून पानाचा पत्ता आपोआप तयार करते. त्या पत्त्याला दोनशे चिन्हांची मर्यादा आहे, आणि सांकेतिक रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलंत धरून, नऊ चिन्हांची जागा खाते. म्हणजे हाती उरतात फक्त बावीस. 'पदवी प्रथम वर्ष प्रवेश प्रक्रिया' असा मथळा दिला तर पत्ता 'प्रवेश'पर्यंत कसाबसा पोचतो आणि 'प्रक्रिया'तल्या पहिल्याच जोडाक्षरात मोडतो. वर तो व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची चार ओळींची माळ होते, आणि पालक विचारतात, 'सर, हा व्हायरस तर नाही ना?' उपाय सोपा आहे: मथळा मराठीत ठेवा, पत्ता रोमन लिपीत आखूड द्या किंवा नुसता क्रमांक द्या. हे पहिल्याच दिवशी ठरवावे लागते. दोनशे पाने झाल्यावर नाही.

शोधाचेही तसेच. वर्डप्रेसचा मूळचा शोध अक्षराला अक्षर जुळवतो. 'शाळा' शोधले तर 'शाळेच्या' सापडत नाही, कारण त्याला विभक्ती कळत नाही. 'दुसऱ्या' हा शब्द दोन वेगळ्या तऱ्हांनी टाइप करता येतो, दिसायला दोन्ही सारखे, पण आतून वेगळे. एका तऱ्हेने लिहिलेले दुसऱ्या तऱ्हेने शोधताना हाती लागेलच असे नाही. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली नसेल, तर काही फाँटांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटतात. हे सगळे सुधारता येते, पण विकणाऱ्याला मराठीत डेमो दाखवायला लावले तरच ते दिसते. तो डेमो इंग्रजीत दाखवतो, 'वेलकम टू अवर कॉलेज' असा मजकूर असतो आणि फोटोत गोरी मुले-मुली हिरवळीवर बसलेली असतात. अशी हिरवळ देगलुरात कुठे आहे ते मला तरी ठाऊक नाही.

आणि आपण तर तीन राज्यांच्या तिठ्यावरची माणसे. इकडे तेलंगणातल्या मदनूरकडून तेलुगू बोलणारे येतात, तिकडे कर्नाटकातल्या औरादकडून कन्नड, आणि गावात उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते. वर्डप्रेस, ड्रुपल आणि जूमला तिन्हींना हे जमते. 'स्वतःच्या पॅनेल'वाल्याला विचारून बघा.

मराठीतले सर्वांच्या परिचयाचे उदाहरण द्यायचे तर वाईच्या मराठी विश्वकोशाचे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी उभे केलेले हे काम संगणकावर आले आणि कोणालाही फुकट वाचता येऊ लागले, हा मराठीवर मोठा उपकार आहे. त्या जुन्या साइटच्या पत्त्यांत खंडाचा क्रमांक असे, आणि पत्त्यांची घडण जूमलाची होती. पुढे साइट नव्या जागी, नव्या यंत्रणेवर गेली. तिथे ती अधिक सुटसुटीत आहे आणि पत्तेही आखूड झाले. पण मराठी विकिपीडियावर आणि लोकांच्या लेखांत ज्या जुन्या दुव्यांचा संदर्भ दिला होता, त्यांतले कितीतरी आता कुठेच उघडत नाहीत. यंत्रणा बदलावी लागते, त्याला इलाज नाही. जुना पत्ता नव्यावर वळवून देणे हे मात्र त्याच कामाचा भाग धरायला हवे.

तुम्ही म्हणाल, विश्वकोशाचे आम्हाला काय. तर नॅकचे घ्या. २०१७ पासून नॅकची पद्धत बदलली आणि स्वयंअध्ययन अहवालात प्रत्येक दाव्याला पुरावा म्हणून वेबसाइटवरच्या कागदाचा दुवा द्यावा लागू लागला. दर वर्षीचा गुणवत्ता अहवाल, म्हणजे एक्यूएआर, वेगळाच. आयक्यूएसीचे, म्हणजे कॉलेजातल्या गुणवत्ता कक्षाचे, समन्वयक महिनोन् महिने राबून शेकडो दुवे जमवतात. मग मध्येच संस्थेला 'नवीन, मॉडर्न' वेबसाइट हवीशी वाटते, नवा माणूस जुनी साइट पुसतो, नवी लावतो, आणि सादर झालेल्या अहवालातले दुवे एका रात्रीत मेलेले असतात. समन्वयकाला हे पडताळणीच्या वेळी कळते. त्या वेळी मला येणारे फोन रात्री अकरानंतरचे असतात, आणि त्यातला आवाज ऐकवत नाही. विद्यापीठ, नॅक किंवा कोणाही बाहेरच्याला दिलेला दुवा ही तुमची लेखी जबान आहे. नवी साइट करणाऱ्याकडून जुन्या पत्त्यांची यादी आधी करून घ्या, आणि प्रत्येक जुना पत्ता नव्या ठिकाणी पोचतो की नाही हे समन्वयकाला स्वतः तपासू द्या. बिल त्यानंतर.

वेबसाइटच्या किल्ल्या कोणाकडे असाव्यात तेही सांगतो, थोडक्यात. डोमेन, म्हणजे साइटचे नाव, कोणाच्या नावावर आहे ते आजच बघा. अनेक ठिकाणी ते वेबसाइट करणाऱ्याच्या नावावर, त्याच्या ईमेलवर, त्याच्या मोबाइलवर असते. तो रागावला, धंदा बंद करून गेला, किंवा नुसता विसरला, की संस्थेचे नाव बाजारात मोकळे. साध्या डोमेनला वर्षाला हजार रुपयांच्या आतबाहेर खर्च येतो. तेवढ्यासाठी नाव दुसऱ्याच्या खिशात ठेवू नका. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांसाठी अर्नेट इंडियाकडून डॉट एसी डॉट इन किंवा डॉट ईडीयू डॉट इन मिळते. त्यासाठी संस्थेच्या लेटरहेडवर पत्र द्यावे लागते, कटकट असते, पण ती कटकटच तुमचे रक्षण करते. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत हे नावही घेता येते. मला ते आवडते, तरी ते एकटे न घेता जोडीला घ्या, कारण अजून पुष्कळ फॉर्म असला ईमेल पत्ता स्वीकारत नाहीत. डोमेन, होस्टिंग, सीएमएसचा मुख्य पासवर्ड आणि महिन्याचा बॅकअप या चारही गोष्टी संस्थेच्या स्वतःच्या ईमेलवर आणि कार्यालयाच्या कपाटात असाव्यात. प्राचार्यांच्या वैयक्तिक जीमेलवर नकोत. प्राचार्य निवृत्त होतात.

'फुकटात होतंय की' असे म्हणणाऱ्या दुकानदार मंडळींनाही, हे पत्र त्यांना नसले तरी, एक सांगून ठेवतो. गुगल बिझनेस प्रोफाइलवर फुकट वेबसाइट बनवता येत असे. मार्च २०२४ मध्ये गुगलने ती सगळी बंद केली. याहूची जिओसिटीज २००९ मध्ये अशीच गेली. विक्ससारख्या जागी साइट चांगली होते, लवकर होते, पण तिथून उचलून दुसऱ्या सर्व्हरवर जशीच्या तशी लावता येत नाही. लग्नपत्रिकेपुरते काम असेल तर खुशाल करा. पतसंस्थेचे नको.

आता निम्म्या किमतीची गोष्ट. निम्म्यात कसे होते ते मला माहीत आहे. विकतची थीम, म्हणजे दिसण्याचा साचा, आणि विकतचे प्लगइन, म्हणजे वरून जोडायची सोय, चोरून उतरवलेले असते. ते चोरून वाटणाऱ्याने आत आपले दार करून ठेवलेले असते. वर्षभर काही होत नाही. मग एके दिवशी कोणी गुगलवर तुमच्या संस्थेचे नाव शोधतो आणि खाली रमीच्या, सट्ट्याच्या जाहिराती दिसतात. आपल्याकडच्या शासकीय आणि शैक्षणिक साइटवर हे वारंवार घडले आहे. साइट तुम्ही उघडली तर नीट दिसते, म्हणून तुमचा विश्वासही बसत नाही. प्रत्येक विकतच्या वस्तूचे बिल संस्थेच्या नावाने मागा. आणि प्लगइन कमी ठेवा. पंचवीस प्लगइन असलेली साइट ही पंचवीस अनोळखी माणसांनी एकाच वेळी नीट वागण्यावर अवलंबून असते.

विद्यार्थ्यांच्या याद्या टाकताना आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि जात यांचे रकाने तसेच राहतात, तेही थांबवा. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा आलेला आहे. तो नसता तरी मुलींचे मोबाइल क्रमांक जगजाहीर करणे बरे दिसले नसते.

सरकारकडे बोट दाखवायची आपल्याला सवय आहे, पण या एका बाबतीत सरकारने बऱ्यापैकी शहाणपण दाखवले आहे. एनआयसीने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांसाठी एसथ्रीवास नावाची एकच यंत्रणा केली. नांदेड आणि लातूर ही दोन्ही जिल्ह्यांची संकेतस्थळे तिच्यावर आहेत, आणि तिच्या पोटात वर्डप्रेसच आहे. प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने वेगळा माणूस गाठून वेगळी साइट केली नाही. साचा एक, सुरक्षेची काळजी एका ठिकाणी, आणि मजकूर टाकणारे त्या त्या जिल्ह्यातले कर्मचारी. दृष्टिहीनांना वाचता यावे याचे नियम २००९ पासून शासकीय संकेतस्थळांच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. २०२५ च्या सुरुवातीला राज्यात जो शंभर दिवसांचा कार्यालयीन सुधारणेचा कार्यक्रम झाला, त्याच्या सात मुद्द्यांतही संकेतस्थळ होते. जिल्ह्यांच्या त्या साइट देखण्या आहेत असे मी म्हणणार नाही. मराठी पानावर गेल्यावर इंग्रजी मजकूर भेटतो, हेही अनेकदा होते. पण बदली होऊन नवा कर्मचारी आला तरी साइट चालू राहते, आणि मला तुमच्याकडून तेवढेच हवे आहे.

एकाच संस्थेच्या आठ शाळा, दोन कनिष्ठ महाविद्यालये, एक वरिष्ठ महाविद्यालय असते, आणि प्रत्येकीची वेबसाइट वेगळ्या माणसाने, वेगळ्या यंत्रणेवर, वेगळ्या काळात केलेली असते. यातली एखादी साइट साहेबांचे भाचे बघतात. वर्डप्रेसमध्ये एकाच मांडणीत अनेक साइट चालवायची सोय आहे. एक माणूस पूर्णवेळ नेमला तर तो सगळ्यांचे बघू शकेल, आणि त्याचा पगार त्या अनेक एएमसींच्या बेरजेत बसण्यासारखा आहे. बेरीज करून बघितली आहे का कोणी? मी मागितली तेव्हा 'लेखापालांना विचारून सांगतो' असे उत्तर मिळाले.

माझ्या व्यवसायबंधूंना या पत्रातून वगळले असे वाटू नये. आपण ज्याला जे येते ते विकतो, गिऱ्हाइकाला काय पेलेल ते पाहत नाही. ज्याला लॅराव्हेल ही प्रोग्रॅमरांची चौकट येते तो वाचनालयालाही लॅराव्हेल देतो. काम संपल्यावर लिपिकाला द्यायची चार पानी मराठी मार्गदर्शिका आपण लिहीत नाही, कारण त्याचे पैसे कोणी देत नाही. तेव्हा संस्थाचालकहो, त्याचे पैसे द्या. कोटेशनमध्ये वेगळी ओळ घाला: प्रशिक्षण व मराठी मार्गदर्शिका. स्लायडरची एक पट्टी कमी करा, भागेल.

शेवटी एक प्रत्यक्ष प्रस्ताव. ज्या संस्थांची तयारी असेल त्यांनी आपापला वेबसाइट बघणारा माणूस, मग तो लिपिक असो, ग्रंथपाल असो की तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, एका रविवारी देगलूरला पाठवावा. जागा तुमच्यापैकी कोणीतरी द्या, एक प्रोजेक्टर आणि नेट पुरे. युनिकोड टायपिंग, पत्ते कसे द्यायचे, बॅकअप कसा उतरवायचा, डोमेन कोणाच्या नावावर आहे ते कसे तपासायचे, हे मी फुकट शिकवीन. तुमची साइट मी केलेली असण्याची अट नाही. नांदेडच्या निम्म्या दरवाल्याने केलेली असेल तरी चालेल. येणाऱ्याचा प्रवासभत्ता मात्र संस्थेने द्यावा, आणि तो रविवार त्याच्या बदली रजेत धरावा.

चूकभूल द्यावी घ्यावी. 

आपला नम्र,
देगलूरचा एक वेबसाइट करणारा

ता. क. उद्घाटनाला बोलावता, त्याबद्दल आभार. पण खाली किती लोकांनी साइट बघितली तो आकडा एक हजारापासून सुरू करायला मला कृपया सांगू नका.